चार मिनिटांचं बटण

जालन्यात कारखान्यावर कंटेनर रिकामा झाला
तेव्हा भंगारात दिसली:
पांढरा पत्रा, वर दोन रबरी लाटणी.
विलायती, कपडे धुण्याची.

मिशन दवाखान्यात अशीच होती.
शमुवेलमामा सायकलच्या ट्यूबमधून
तिच्यासाठी पट्टा कापायचे.
चादरी निघायच्या पापडासारख्या,
दमयंती सिस्टर वरडायची,
"बोटं सांभाळ, बोटं!"
वाळवायची मशीनही आली होती म्हणे,
खोक्यातच राहिली.
जालन्याचं ऊन फुकट.

बटण चारवर फिरवलं.
टिकटिकत शून्यावर आलं,
इतक्या वर्षांनी, समुद्र ओलांडून.
क्रेनवाला म्हणला, "सरका की मामा."
मामा आता मीच.
भट्टी तापलेली.
उद्या सळ्या होतील तिच्या,
कुणाचातरी स्लॅब.

रात्री बायकोनं खिसा उलटा केला,
"हे कशाचं?"
"चार मिनिटांचं," म्हणलं.