बाईमाणूस

शीतल हे आमच्याकडं पुरुषाचं नाव असतं,
बाहेरून आलेल्यांना हे दर वेळी सांगावं लागतं.
शीतल चौगुले, तासगाव रस्त्यावरच्या
बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजचे सुपरवायझर,
मिशा पिळलेल्या, आवाज खडीसाखरेचा.
त्यांना कधी कुणी विचारलं नाही, तू नक्की कोण.

मी कारकून. आडनाव आपटे.
पंधरा किलोचा बॉक्स काट्यावरून सरकवायला गेले
की चौगुले धावतात,
"मॅडम, तुम्ही नका. तुम्ही बसा."
निळी खुर्ची, टॉवेल फिरवून पुसलेली.
बढतीच्या वेळीही हेच म्हणाले,
"रात्री-अपरात्री गाड्या येतात, बाईमाणसाला त्रास. तुम्ही बसा."
आठ वर्षं मी त्या खुर्चीत बसून चरफडतेय.

सुभद्रा वायदंडे माझ्यासमोरून
एकावर एक दोन बॉक्स नेते.
वय? तिला नक्की ठाऊक नाही, गुडघ्यांना असेल.
तिला कुणी "तुम्ही" म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.
"ए सुभे, हालव की हात."
परवा डबे उघडून बसलो होतो
(मी खुर्चीत, ती पोत्यावर,
हे आत्ता लिहिताना लक्षात आलं)
तेव्हा मी तिला समजावलं, अगं, ही काळजी नव्हे,
हे गोड बोलून कोपऱ्यात बसवणं.
ती भाकरी मोडत म्हणाली,
"कोपरा तर कोपरा, बाई. सावली असंल की तितं."

रेवती गेल्या दिवाळीनंतर आली.
आधार कार्डावर अजून रेवणसिद्ध,
रेणावीच्या देवाला नवस बोलून झालेलं पोर.
हजेरीपटावर तिचं नाव मीच लिहिते,
कार्डावरचं. नियमच तसा आहे, असं मी म्हणते.
खांदे रुंद, म्हणून ट्रक उतरवायचं काम तिचंच.

एका दुपारी जतहून नवा ड्रायव्हर आला, पोरसवदा.
त्यानं तिच्या हातातला बॉक्स काढून घेतला,
"ऱ्हाऊ द्या ताई, बाईमाणसानं कशाला?"

मी पेन आपटणार होते.
बघते तर रेवती हात तसेच धरून उभी,
रिकामे, बॉक्सच्या मापाचे.
मग तिनं पदर नीट केला. तो नीटच होता.
संध्याकाळपर्यंत तिनं काही म्हणून उचललं नाही.
चौगुलेंनी अर्धी हजेरी कापली,
तीही मीच लाल शाईनं लिहिली,
आणि ती सही करताना गुणगुणत होती.

पुढच्या खेपेला ड्रायव्हर आला तोवर
त्याला कुणीतरी सांगितलं होतं.
"घे की रं उचलून," म्हणाला,
आणि हसला, बाकीच्यांकडं बघत.
तिनं तीन बॉक्स एकदम घेतले.

नंतर शेडमागं सुभद्रा तिला म्हणत होती,
"तुला एकडाव तरी म्हणाला."
मला वाटलं, टोमणा आहे.
पण सुभद्रानं स्वतःच्या डोक्यावरची चुंबळ काढली,
झटकली,
रेवतीच्या डोक्यावर ठेवून दोन्ही हातांनी दाबून बसवली,
जरा डावीकडं, मग पुन्हा मधोमध.

मी खुर्ची उचलली,
तिकडं नेऊन ठेवावी म्हणून.
चौगुले धावलेच,
"मॅडम, तुम्ही कशाला..."

खुर्ची आम्हा दोघांच्या हातात, ओढाताणीत.
पलीकडं त्या दोघी
आमच्याकडं बघतसुद्धा नव्हत्या.