मिडविकेटला उतरलो त्याची नोंद

वरून पाहिलं की क्रिकेट म्हणजे
ओटागोच्या तपकिरी डोंगरांत एक हिरवी थाळी
आणि तीवर सांडलेले पंधरा तांदूळ,
कुणी निवडायला घेतले आणि उठून गेलं.

हजार मीटरवरून चेंडू दिसत नाही.
दाणे एकदम एका जागी धावताना दिसतात,
मग त्यातला एक, एकटाच,
हळूहळू कडेला निघतो.
बावीस सेकंदांनी खिशातला फोन थरथरतो:
गडी बाद.
तोवर माझं हळहळूनही झालेलं असतं.

माझ्या ग्लायडरला इंजिन नाही.
एक यंत्र आहे, चढताना चिवचिवतं, उतरताना कण्हतं.
दुसरं उपग्रहाला विचारून उंची सांगतं.
त्याचा पासवर्ड मी विसरलो,
म्हणून तीन वर्षं ते मला पाहुणा म्हणतं.
आणि काचेवर, अगदी नाकासमोर,
आइल्साच्या जुन्या स्वेटरचा लाल धागा,
बोटभर, चिकटपट्टीनं लावलेला.
तो सरळ तर सगळं सरळ.
चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडल्या मी,
इतकं कमी बोलणारी तार
हाताखालून गेली नाही.

आइल्सा एकतीस हंगाम आमच्या क्लबची वही लिहायची.
निर्धाव षटकाचे सहा ठिपके
रेघांनी जोडायची, की दोन शिखरांचा डोंगर व्हायचा.
मग हात कापायला लागला,
डोंगर हलायला लागले.
क्लबनं टॅबलेट आणला.
सगळी बेरीज तोच करतो, कधी चुकत नाही,
डोंगर काढत नाही.
तरी ती येते. पॉपलरखाली गाडी लावून बसते,
चौकार गेला की हॉर्न.

त्या शनिवारी वायव्येचा वारा
चारच्या आतच मेला.
यंत्र कण्हायला लागलं ते कण्हतच राहिलं.
धावपट्टी टेकडीपलीकडे.
अलीकडे शेतांत पाणी मारायचे लांबच लांब पाइप,
कुंपणं, मेंढ्या.
फोन म्हणाला, नवा मार्ग शोधत आहे.
म्हटलं, शोध बाबा.
आणि धाग्याकडे बघत
थाळीकडे वळलो.

पंच डंकन मॅकीनं मान वर केली,
गुडघ्यांसमोर मनगटं ओलांडली: डेड बॉल.
तांदूळ पांगले. जवळ आल्यावर त्यांना पाय फुटले,
टोप्या, नाकावर पांढरं मलम.
चाक टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं,
आणि मिडविकेटला येऊन एक पंख
दमलेल्या माणसानं कोपर टेकावं तसा गवतावर टेकला.

कुणीच काही बोललं नाही.
मग रावीरी, सतरा वर्षांचा, ओठ दाबत म्हणाला,
"आजोबा, हे चार धरायचे की सहा?"

तिकडे टॅबलेटपाशी ब्रायनी अडकून बसलेली.
खेळ का थांबला, ते सांगितल्याशिवाय
तो पुढे जाऊ देईना.
पाऊस. अपुरा प्रकाश. दुखापत. इतर.
तिनं माझ्याकडे बघितलं, ग्लायडरकडे बघितलं,
आणि इतर दाबलं.
एकाहत्तर वर्षांचा माणूस, दोन पंख, एक मेलेला वारा:
इतर.
राग यायला हवा होता. हलकं वाटलं.

आइल्सा गाडीतून उतरली नाही.
काच खाली होती. मांडीवर वही.
म्हणजे हे सगळे हंगाम ती लिहीतच होती,
कुणी मागितलं नसताना, मलाही न सांगता.
समासात वाकडंतिकडं, पण वाचता येईल असं:
तीन बेचाळीस. लॅक्लन उतरला. पूर्वेकडून.
मेंढ्या सुखरूप.
त्याच्या शेजारी पाच ठिपके.

"एक चेंडू राहिलाय," ती म्हणाली,
"तुझं ते बाजूला घे."

दोन्ही संघांनी मिळून ढकललं सीमेपार.
रावीरीनं पंखाचं टोक धरलं होतं,
झोपलेल्या पोराचा हात धरावा तसं.
मग सहावा चेंडू पडला,
बॅटची कड घेऊन थर्डमॅनला गेला.
एक धाव.

डोंगर राहिला.
तिनं एकचा आकडा काढला, जरासा हलता,
आणि थर्मासचं झाकण
मला उघडायला दिलं.