तुटक रेघ

आर्किटेक्ट बाईंनी नकाशा पसरला
एर्मेलिंदच्या जेवणाच्या टेबलावर,
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
विनेगरची बाटली, सोलांचा डबा,
सोसायटीचा शिक्का
आणि माझा चष्मा.
म्हणून पहिला अर्धा तास मी नुसतं ऐकलं.

जुन्या चिऱ्यांतले दहातले सहा पुन्हा लागतील भिंतीला.
छपराचं पाणी टाकीत,
टाकीतलं संडासाला, उरलेलं माडांना.
खिडक्या वायव्येला, वारा तिकडूनच येतो ना.
इथे चोडणकर खाकरले.
"बाई, तिकडून वारा एकटा येत नाही."

आणि गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवून
त्यांनी ते दिव्याखाली धरलं.

वास्कोत नव्या माणसाला हे दाखवावं लागतं.
कोळसा बंदरावर उतरतो
आणि आमच्या चादरींवर चढतो.
तेहेतीस वर्षं मी त्याच बंदराची आवक-जावक लिहिली,
किती टन आला, किती टन गेला.
जो कुणाच्या छातीत राहिला
त्याला रकाना नव्हता.

बाईंनी खोडरबर मागितलं.
एर्मेलिंदची नातवंडं लिस्बनला, घरात खोडरबर कुठलं.
शेवटी कालच्या पावाचा मऊ गर मळून
त्यांनी खोडल्या आमच्या अठ्ठेचाळीस खिडक्या,
काळ्या गोळ्या हलकेच झाडल्या बशीत,
आणि घरं वळवली थोडी,
पाठमोरं बसलेलं माणूस मान वळवतं तेवढीच.
मध्ये झाडांची रांग. रुंद व्हरांडा.
"कपडे खंय सुकतले?" एर्मेलिंदने विचारलं.
त्यांनी तेही लिहून घेतलं.

मग चष्मा परत मिळाला.
विचारलं, ही तुटक रेघ कसली?
"पाडायचं ते तुटक. बांधायचं ते सलग."

तेव्हा आम्ही सगळेच वाकलो,
आपापलं तुटक घर शोधायला.
रझियाला तिची मोरी सापडली.
चोडणकरांना जिन्याचं ते वळण,
जिथे वडिलांचं स्ट्रेचर अडलं होतं.
रडलं कुणी नाही.
कागदावर घर इतकं नीटनेटकं असतं
की आपलं वाटतच नाही.

यंकाप्पा मात्र सापडेना.

फाटकाच्या आत, भेंडीच्या झाडाखाली
बावीस वर्षं त्याचा इस्त्रीचा गाडा.
त्याचाही कोळसाच,
पण तो दाबून धरतो, उडू देत नाही.
झाड होतं नकाशात, हिरवं वर्तुळ, शेजारी लिहिलेलं: राखणे.
झाडाखाली कोरं.
तुटक नाही, सलग नाही.
पाडायलासुद्धा
आधी नकाशात असावं लागतं.

सेक्रेटरी मी. यादी माझ्याच अक्षरात.
अठ्ठेचाळीस घरं, अठ्ठेचाळीस सह्या.
चुकलो म्हणावं तर बेरीज बरोबर होती.

बिल्डरचा माणूस म्हणाला,
तेवढ्या जागेत दोन स्कूटर बसतात.
रझिया म्हणाली, बसू देत,
मग तुझ्या शर्टाची कॉलर
स्कूटरकडूनच ताठ करून घे.

त्याला बोलावलं.
तो आला, हातावर कुणाच्या तरी सहा साड्या,
उंबऱ्याबाहेरच उभा.
किती जागा लागेल, बाईंनी विचारलं.
त्याने जागेचं काही सांगितलं नाही.
विचारलं, वारा कुठून येणार?
निखारा विझायला नको,
अन् ठिणगी साडीवर जायला नको.

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या.
मग त्याला आत बोलावून नकाशा त्याच्याकडे फिरवला,
डबा सरकवला, बाटली सरकवली,
आणि झाडाखाली त्याच्याच बोटामागून
एक चौकोन काढला. सलग.

आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत.
मी शिक्का उचलला, आणि परत ठेवला:
अजून मीटिंग आहे, मंजुरी आहे,
बिल्डरचा हिशोब आहे.
रेघ पेन्सिलीची आहे.

आणि पोदेर रोज सकाळी भोंगा वाजवत येतो
ताजा, मऊ पाव घेऊन.