चार तास उपाशी

फॉर्मवर नाव : बेबी ऑफ अस्मा शिकलगार.
वय : सत्तेचाळीस दिवस.
कारण : कावीळ, उतरत नाही.

चार तास दूध द्यायचं नाही, हे मीच सांगितलेलं.
उपाशी पोटी पित्ताशय भरतं, दिसतं.
ती बाहेरच्या बाकावर चार तास
ओढणीआड भिजत बसली.

बाप सांगलीच्या यार्डात हळदीची पोती उचलतो.
तळव्याच्या रेघांत हळद, कानाच्या पाळीमागे हळद.
"घरात सगळंच पिवळं, मॅडम,
म्हणून ध्यानातच आलं नाही."
मग कुणी कोवळं ऊन सांगितलं,
कुणी काविळीची माळ घातली.
माळ लांबत गेली. बाळ तेवढंच.

लंगोट दाखव म्हटलं.
अस्मानं पिशवीतून काढून घडी उलगडली :
ओल्या शाडूसारखं, रंगच नसलेलं.
एवढ्या पिवळ्या बाळाच्या आतड्यात
पिवळं उतरतच नव्हतं.

जेल कोमट केलं. हात कोमट केला.
मिरजेच्या या गल्लीत तंबोरे जुळवणारे
डोळे मिटून तार ऐकतात.
मला बघावं लागतं,
आवाज कुठे आपटून माघारी येतो ते.
यकृत. शीर. धमनी.
पित्ताशयाच्या जागी एक सुरकुतली रेघ,
बेदाण्याच्या देठाएवढी.
आणि शिरेच्या वर, जिथे नळी हवी,
पांढरा त्रिकोण.
चार मिलिमीटर.
परत मोजला. साडेचार.

"दिसलं का?"
नव्हतं, तेच दिसलं होतं.
बावीस वर्षांत यासाठी
एकही वाक्य जमलेलं नाही मला.
"आता पाज," म्हणाले.
रडणं एकदम थांबलं,
खोलीत फक्त घोटांचा आवाज
आणि यंत्राचा पंखा.

अहवालात 'बहुधा' लिहिलं.
खोडलं.
पुन्हा लिहिलं.
पुण्याच्या सर्जननी फोनवर
नाव विचारलं नाही, दिवस विचारले,
आणि मनातल्या मनात साठातून वजा केले असावेत :
"उद्याच पाठवा. वाट बघू नका."

बापानं सही केली.
सहीशेजारी बोटाचा पिवळा ठसा उमटला,
तो पुसायला गेला, आणखी पसरला.
"राहू दे," मी म्हटलं. "नाव काय ठेवलंय?"
"अजून नाही. म्हटलं, कावीळ उतरली
की अकीका करू, तेव्हाच ठेवू."

आजच ठेवा, म्हटलं.
तिकडचा फॉर्म
मोठा असतो.