मग

डीसी ऑफिसच्या कुंपणाला लागून, चिंचेखाली
बसलिंगप्पांचा टाइपरायटर.
माझं मराठी ते कानडीत घालतात,
पानाला चाळीस रुपये, कार्बन धरून दोन प्रती.

नाव: निहाल. वय: सात वर्षं, चार महिने.
खूण: डाव्या भुवईत धोट्याचा वण.
(वडगावातलं घर. चालायला जागा कमी, माग जास्त.)
कुठं: दोहा.
कुणी नेलं: बापानं.

पोलीस ठाण्यात पेन इथंच थांबलं होतं.
"बापानंच नेलंय, मग पळवलं कसं म्हणता?"
पासपोर्टच्या खिडकीत:
"संमतीवर सही तुमचीच ना? मग?"
माझीच.
पंधरा दिवसांच्या सुट्टीवर केली होती ती,
एका हातानं त्याच्या नव्या बुटाची नाडी धरून.

बंगळूरनं दिल्लीला लिहा म्हटलं.
दिल्लीनं वकिलातीला कळवलं.
वकिलातीनं मलाच विचारलं,
मुलाचा इथला पत्ता काय?

मी सीमेवरच वाढले.
सीमा म्हणजे आमच्याकडं दुकानाच्या पाटीवरचं डांबर,
आठवडाभर वास येतो, मग कुणीतरी नवी पाटी लावतं.
ती विमानात बसते हे मला
कुणी सांगितलं नव्हतं.

अर्ज झाला. सहीआधी वाचून दाखवायची
बसलिंगप्पांची रीत.
अर्धं समजतं मला, अर्धं समजल्यासारखं.
एक शब्द मात्र ओळीओळीत येतोय:
नन्न मग. नन्न मग.
"मग म्हणजे मुलगा," मान वर न करता ते सांगतात.
माहीत आहे हो. इथलीच आहे मी.

तरी रात्री, दिवा घालवल्यावर,
मागात शिरलेल्या उंदराची गोष्ट सांगताना
तो विचारायचा, मग?
सूत तुटलं. मग?
आजोबांनी गाठ मारली. मग?
मला डुलकी लागायची, कोपर बसायचं बरगडीत:
मग गं?

उंदीर अजून बाहेर आलेला नाही.

"इथं सही करा की बाई."
हात थांबतो. सहीची भीती बसलीय आता.
इथं तीन वाजलेत, म्हणजे तिथं साडेबारा.
शाळा सुटत असेल. घातलं असेल शाळेत, तर.

"तीच सही हं," बसलिंगप्पा म्हणतात,
"पासपोर्टच्या कागदावर केलेली.
जुळली नाही तर परत पाठवतात."

तीच करते.