शेवटी कोणी उठवलं

अपडेट आलं मंगळवारी
आणि तेव्हापासून रिवणच्या खाणीवरचा
वजनकाट्याचा संगणक
रात्री डोळे उघडून बसू लागला.

खुशाली वेळीपने फोन केला, प्रभुदेसाईंना न सांगता:
"बाबा, तुजें मशीन न्हिदना.
हांव न्हिदतां, तें न्हिदना."

कुडचड्याहून स्कूटरने गेलो,
डिकीत पेनड्राइव्ह, पक्कड, कागदात दोन उंडे.
खाण बंद होऊन किती काळ झाला
हे खुशाली वर्षांत सांगत नाही.
भिंतीवरचं ते कॅलेंडर, म्हणतो, तेव्हा नवं होतं.
तरी काटा चालू ठेवायचा,
महिन्याच्या महिन्याला अहवाल जायला हवा:
वाहने शून्य. माल शून्य.

मी नेहमीचं केलं.
झोपेची वेळ लावली, पंधरा मिनिटं.
मध्यरात्री आपणच उठून
नवं काही आलंय का बघायची खोड मोडली.
नवा ड्रायव्हर काढून जुना घातला,
त्याला निदान या घराची सवय होती.
'याला संगणक जागा करू द्यावा'
ही खूण नेटवर्क कार्डापुढून पुसली,
माऊसपुढून पुसली.
टेबलाखालून एक खराखुरा उंदीर गेला,
त्याच्यापुढे कसलीच खूण नव्हती.

पंखा थांबला.
दिवा हळू लुकलुकू लागला.
"न्हिदलें," खुशाली म्हणाला,
आणि आपला आवाज मोठा झाला म्हणून स्वतःच दचकला.

स्कूटरचा दिवा अधू, म्हणून राहिलो.
उंडे खाताना त्याने आपलं निदान सांगितलं:
राखणदार फिरतो.
खाण चालू होती तेव्हा मॅनेजर त्याला रोट ठेवायचा.
बंद झाल्यावर कंपनीने
त्याचाही पगार थांबवला.

तीन वाजून सात मिनिटांनी
खोली निळी झाली.

काळी खिडकी उघडून मी तो प्रश्न टाइप केला
जो यंत्राला विचारता येतो,
माणसांना विचारून फारसा उपयोग नसतो:
शेवटी कोणी उठवलं?

उत्तर आलं: काटा.

पडद्यावर शून्य होतं, मग सातशे चाळीस.
किलो.
इतका हलका ट्रक कंपनीने कधी ठेवला नव्हता.
थोड्या वेळाने आठशे छत्तीस.

खुशालीने बॅटरी विझवली
आणि मनगट धरून मला खिडकीशी नेलं.
लोखंडी पाटावर, जिथे ट्रक
इंजिन चालू ठेवून शिव्या देत उभे राहायचे,
तिथे गव्याची मादी उभी होती.
पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, बाकी सगळी रात्र.
सांध्यात साचलेली लाल माती चाटत होती.
शहाण्णव किलोचं पाडस तिच्या पोटाखाली.

पावतीचा फॉर्म आपोआप उघडलेला.
वाहन क्रमांक. माल. कुठून. कुठे.
खुशाली कानाशी कुजबुजला,
"माल कितें म्हूण बरोवूं?"

म्हणजे ती आधीही येत असणार.
अपडेटने एवढंच केलं,
काट्यापुढची एक खूण परत लावली,
जी कोणीतरी, अक्षर नसलं तरी ओळखतो,
बहुधा मीच,
हा संगणक बसवताना काढली होती.

आठशे छत्तीस. शहाण्णव. बराच वेळ शहाण्णव.
मग रानातून एक हुंकार, आणि शून्य.
पंधरा मिनिटं आम्ही दोघं
पडद्यासमोर बसून राहिलो, तो झोपेपर्यंत.

सकाळी बिल केलं:
अपडेटनंतरचा दोष, दुरुस्ती, तीनशे रुपये.
प्रभुदेसाईंनी फोनवर विचारलं, आता झोपतो ना?
झोपतो, म्हटलं.

महिनाअखेरीला त्यांचा पुन्हा फोन आला.
अहवालात वाहने शून्य आहेत, म्हणाले,
पण हे काय,
आवक आठशे छत्तीस किलो,
जावक तेवढीच?