हजेरीपट

चारच्या सुरुंगाला फडताळातली भांडी बोलायची.
आई चहा उतरवून ठेवायची, आवाज होऊन जाईपर्यंत,
मग पुन्हा चुलीवर.

जांबोटीच्या वाटेवर, खाणीच्या पोटाशी
आमची नऊ घरांची लाईन.
शाळेचा पांढरा सदरा दुसऱ्या धुण्यालाच विटकरी.
बेळगावला मामाकडे राहिलो की सकाळी उशीवर
माझ्या डोक्याचा तांबडा ठसा.
मामी काही बोलायची नाही. अभ्रा बदलायची.

पाचवीत कानडी वाचता यायला लागलं
आणि पगाराच्या खिडकीपाशी मी बाबांचं नाव वाचलं:
भरमा घाडी नव्हे, बरमा गाडी.
कारकुनानं दोन्ही महाप्राण खाल्लेले.
ईरण्णा हसत हसत खालीच बसला,
'बरोबर लिवलंय की! भोकं पाडतोस, माल ओढतोस.'
बाबा अंगठ्याची शाई भिंतीला पुसत म्हणाले,
'असूंदे की गा. घाम तर माझाच हाय न्हवं?'

खाण मिटून अठरा वर्षं झाली.
खड्ड्यात पाणी साचलंय. लाईनीतली नवी पोरं
त्याला तळं म्हणतात, म्हशी घालतात.

परवा दवाखान्यात चिठ्ठी काढली.
खिडकीतल्या मुलीनं विचारलं, हेसरू?
बाबांनी छातीत होता नव्हता तो वारा गोळा केला.
'भ' ओठापर्यंत आला,
तिथं त्याचा 'ब' झाला.
तिनं तोच लिहिला.
मी खिडकीत वाकलो, सांगायला,
तर बाबांनी मनगट धरलं.

भिंतीवर चारला पाच कमी होते.